घराण्याची कवळी

खोक्यातला प्लॅस्टरचा साचा बाहेर काढून त्याने सवयीने टाळूवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा मध्येच अडला. तीस वर्षं कवळ्या करणाऱ्या माणसाचा अंगठा असा उगाच अडत नाही. रोज पाच-सहा जबडे त्याच्या हाताखालून जायचे. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे, तो त्यांत प्लॅस्टर ओतायचा, मेण लावायचा, दात बसवायचा, आणि कुठला जबडा कुणाचा याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं. पण या टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा होता. शर्टाच्या बटणाएवढा, लांबट, डावीकडे कललेला आणि मागच्या टोकाला चिरल्यासारखा. असे उंचवटे पुष्कळांना असतात. कवळी नीट बसू देत नाहीत म्हणून कारागीर त्यांना शिव्या घालतात, एवढंच. पण नेमका हा कल आणि नेमकी ही चीर त्याला फक्त दोन तोंडांतली माहीत होती. एक तोंड वडिलांचं. दुसऱ्या तोंडात त्याची जीभ आपोआप वर गेली आणि त्या जागी जाऊन टेकली. खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि त्याची पिपाणी संपता संपत नव्हती. त्याने साचा टेबलावर ठेवला, हात धुतले, आणि मग खोक्याच्या तळाशी दुमडून ठेवलेलं पत्र उघडलं.

पत्र घराण्याच्या मंडळाचं होतं आणि लिहिणारा अर्थातच पोटकलम. पोटकलम म्हणजे मंडळाचा चिटणीस, नात्याने दूरचा चुलतभाऊ. उभी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर हातात तराजू उरला नाही म्हणून त्याने घटना हातात घेतली. हा माणूस शिंकलाच तर आधी कलम सांगेल आणि मग शिंकेल. पत्रात लिहिलं होतं की अर्जदार महिलेकडे वंशाचा लेखी पुरावा नाही, सबब घटनेच्या कलम सात, पोटकलम ‘क’ अन्वये तिच्या वरच्या जबड्याचा साचा तज्ज्ञ मतासाठी पाठवला आहे. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत घराण्याच्या खुणेबाबत स्पष्ट मत द्यावं. ते अंतिम राहील. खाली, शाई बदलून, आणखी दोन ओळी होत्या. ‘अर्जदाराने आपल्या दिवंगत वडिलांचं नाव घेतलं आहे, याची मंडळाला जाणीव आहे. तथापि दुसरा तज्ज्ञ उपलब्ध नाही आणि आपल्या निःपक्षपातीपणाबद्दल मंडळाला शंका नाही.’ सोबत अर्जाची प्रत. वय बावन्न. व्यवसाय, खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या बसवणं. वडिलांच्या रकान्यात त्याच्या वडिलांचं पूर्ण नाव, सावकाश काढलेल्या अक्षरात. त्यांचा व्यवसाय, बॉयलर तपासनीस. इतर माहितीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दर महिन्याला एक आठवडा आमच्या गावी येत. मी अकरा वर्षांची असताना यायचे थांबले.’ तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्या वर्षी वडिलांना कचेरीत टेबल मिळालं आणि त्यांची फिरती बंद झाली. आई शेजारणीला सांगत होती, सुटले एकदाचे. त्याने प्रत पुन्हा घडी घालून ठेवली आणि दुपारभर कुणाच्या तरी खालच्या दाढा घासत बसला.

या मंडळाची त्याला मनापासून किळस होती, आणि ती त्याने वर्षानुवर्षं निगुतीने सांभाळली होती. तीनशे बारा सभासद. त्यांत आजीव सभासद, साधे सभासद, आणि सहसभासद म्हणजे सुना, लेकी आणि जावई, ज्यांना चहा होता पण मत नव्हतं. बाहेर ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही तो इथे उपाध्यक्ष. पत्राच्या कागदावर बोधचिन्ह डावीकडे असावं की मधोमध, यावरून दोन भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मूळपुरुष म्हणजे त्याचे पणजोबा. ते नदीवर होडी चालवायचे. मंडळाच्या पहिल्या अहवालात ते होड्यांचे मालक झाले, तिसऱ्यात जलवाहतुकीचे प्रणेते. आणखी दोन अहवाल निघाले असते तर त्यांनी नदीच खणली असती. या थोर पुरुषाचं मागे राहिलं काय, तर ओठ मिटलेला एक फोटो आणि वरची कवळी. कवळी मंडळाच्या कपाटात काचेखाली होती, जुन्या पद्धतीची, तपकिरी रबराची, आणि तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट होती. एका सभेत पोटकलमाला दिसलं की अध्यक्षांच्याही दातांत फट आहे. मग खजिनदाराच्या दिसली. मग जो तो आरशासमोर उभा राहिला. दातांत फट असणारी माणसं कुठल्याही रांगेत दहातली दोन सापडतात, पण हे सांगणार कोण. पुढच्या वर्षी फट ही घराण्याची खूण म्हणून घटनेत गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुरुस्ती होऊन तिला किमान माप लागलं, एक मिलिमीटर. कवळीतले दात माणसाच्या हिरड्यांतून उगवत नाहीत, कारागिराच्या डब्यातून येतात, हे तीनशे बारा जणांत एकालाही सुचलं नाही.

त्याला सुचण्याची गरजच नव्हती, कारण त्याला माहीत होतं. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला त्यानेच ती कवळी केली होती, स्वतःच्या उमेदवारीच्या पहिल्या वर्षी. म्हातारा सांगायचा, “पुढच्या दाताचं माप डब्यात संपलं होतं. एक नंबर लहान होता तो लावला. तुझ्या पणजोबांना म्हटलं, फट राहील. तर म्हणाले, राहू दे रे, मला काय आता लग्न करायचंय?” बस्स. एका दुपारी एका डब्यात एक दात कमी होता, आणि त्यावर हे अख्खं घराणं छाती काढून चाललं होतं. बायको सोडून त्याने हे कधी कुणाला सांगितलं नाही. सभासदांचे दात पडू लागले तसे ते दबक्या आवाजात त्याच्याकडे यायचे आणि म्हणायचे, नवीन बसवशील त्यात तेवढी फट ठेव. तो ठेवायचा. आजवर सात जणांना त्याने घराण्याची खूण लावून दिली होती, अगदी दीड-दीड मिलिमीटर, आणि सभेत ते सातजण हसले की त्याला जे सुख व्हायचं ते दुसऱ्या कशात नव्हतं. मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसायचं आणि आपल्याला सगळं माहीत आहे एवढंच चघळत राहायचं. वडीलही असेच बसायचे, घरी, वर्तमानपत्रामागे. मंडळाला ते ‘रिकामटेकड्यांची हजेरी’ म्हणायचे आणि एकही सभा चुकवायचे नाहीत.

साचा त्याने घरी नेला. का नेला ते त्याला सांगता आलं नसतं. बायको वाचनालयातून येऊन चहा ठेवत होती. तिने टेबलावरचं खोकं उघडलं, साचा उलटा करून दिव्याखाली धरला आणि म्हणाली, “हा खाली कशाला आणलात? कागद उडतील वरती.” त्याच्या स्वतःच्या जबड्याचा एक साचा वरच्या खोलीत कागदांवर ठेवलेला असायचा. सव्वीस वर्षं ती तो पुसत होती.

“हा माझा नाही,” तो म्हणाला. “एका बाईचा आहे. मंडळात अर्ज केलाय तिने.”

बायकोने साचा पुन्हा पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. ती काही मूर्ख नव्हती. “कुणाची कोण म्हणून?”

त्याने अर्जाची प्रत पुढे केली. ती उभ्या उभ्या वाचत राहिली, चहा उतू जाईपर्यंत. मग गॅस बंद करून म्हणाली, “म्हणजे तुम्हाला बहीण आहे.”

“असं मी म्हटलेलं नाही.”

“तुम्ही कशाला म्हणाल. दात कोरून पोट भरणारी माणसं तुम्ही, शब्दसुद्धा मोजून काढता. काय सांगणार रविवारी?”

“कलमात फट विचारलीय. फट नाहीये.”

“कलमाप्रमाणे तर मीही सव्वीस वर्षं तुमच्याकडे पाहुणीच आहे. आणि त्या फटीची गोष्ट मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सांगून पोट धरून हसलात ते?” ती ओट्यावरचा चहा पुसू लागली. “आईंना जाऊन बारा वर्षं झाली, बाबांना नऊ. आता कुणाला जपताय? त्या बाईला मतही मिळणार नाही, माझ्या शेजारी बसून बिस्किटं खाईल. खाऊ दे की.”

तो आईचं नाव पुढे करणार होता आणि ते तिने आधीच काढून घेतलं. त्याला राग आला. जिवंत असती तर आई किती सोयीची होती. तिच्या म्हातारपणाआड वाटेल ते लपवता आलं असतं, आणि लोक वर म्हणाले असते, मुलगा असावा तर असा. तो साचा घेऊन वर गेला, स्वतःच्या साच्याशेजारी ठेवून पाहिला आणि लगेच खोक्यात घातला. पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वडिलांनी त्याला कधी मारलं नाही, कधी जवळही घेतलं नाही. महिन्याच्या एका आठवड्यानंतर ते परत यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना काजळीचा आणि गरम लोखंडाचा वास असायचा, आणि आई ते कपडे वेगळे भिजवायची. घरात ते सगळ्याकडे बॉयलर तपासल्यासारखे पाहायचे, कुठे गळतंय का. त्याच्या परीक्षा, त्याची बायको, त्याचा धंदा, सगळ्यांवरून ती नजर एकदा फिरली आणि नापास शेरा मारून पुढे गेली. “दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून पोट भरणार,” ते म्हणाले होते, एवढंच. मग सत्तराव्या वर्षी त्यांचे दात गेले, आणि डॉक्टरकडे न जाता ते सरळ त्याच्या लॅबमध्ये येऊन खुर्चीत बसले. त्याने ठसा घ्यायचा चमचा लगद्याने भरून त्यांच्या तोंडात घातला आणि टाळूवर दाबून धरला. तीन मिनिटं धरावा लागतो. तीन मिनिटं वडिलांचं डोकं त्याच्या छातीला टेकलेलं होतं, त्याची दोन बोटं त्यांच्या तोंडात होती, त्यांचा गरम श्वास त्याच्या मनगटावर येत होता, आणि ते खालून, डोळे न मिटता, त्याच्याकडे पाहत होते. त्या नजरेत तपासणी नव्हती. साचा सुटल्यावर त्यात तो उंचवटा पाहिला, आणि आपल्या जिभेला लहानपणापासून जे लागतं ते काय आहे ते त्याला त्या दिवशी कळलं. कवळी बसवल्यावर वडील आरशात पाहून म्हणाले होते, “काम बरं करतोस.” चौपन्न वर्षांच्या आयुष्यात बापाकडून त्याला मिळालेलं म्हणावं तर एवढंच होतं, तीन मिनिटं आणि एक वाक्य. आणि आता कुठल्या तरी गावची, सोफ्यांना कापड लावणारी एक बाई तीच टाळू तोंडात घेऊन आली होती. तिला ती न मागता मिळाली होती. शिवाय अकरा वर्षं, महिन्याचा एक आठवडा. त्याने कधी केला नव्हता तो हिशेब त्या रात्री नकळत केला. त्या सगळ्या आठवड्यांत वडील तिथे हसत असतील का, एवढं एकच त्याला विचारायचं होतं, आणि उत्तर ऐकायचं नव्हतं.

शनिवारी लॅबमध्ये एकटाच असताना त्याने भाषण म्हणून पाहिलं. सभ्य स्त्रीपुरुषहो, तुमच्या काचेच्या कपाटातली फट ही एका डब्यातल्या टंचाईची खूण आहे. अध्यक्ष महाराज, तुमची फट मी गेल्या वर्षी घासून तयार केली आहे. ही बाई माझ्या बापाची मुलगी आहे, तुमची कवळी तुम्ही नदीत नेऊन टाका. भाषण उत्तम होतं. दोनदा म्हटल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि आपण शूर आहोत असंही वाटलं. भिंतीवरच्या फळीवर लोकांचे जबडे ओळीने आ वासून बसले होते.

सभा एका शाळेच्या सभागृहात होती. पस्तीसएक माणसं आली होती. तीनशे बारांच्या गणसंख्येला ती पुरेनात, म्हणून पोटकलमाने सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. दर वर्षी हेच व्हायचं. माणसं अर्धा तास त्याच खुर्च्यांवर बसून राहायची आणि मग तीच माणसं त्याच खुर्च्यांवर कायदेशीर व्हायची. ती तिसऱ्या रांगेत कडेला होती, पाठीचा कणा ताठ, मांडीवर पर्स. चेहरा वडिलांसारखा अजिबात नव्हता, आणि त्याला त्याचा आनंद झाला. मधूनच तिने खाली वाकून खुर्चीच्या बैठकीखाली हात घातला, काहीतरी चाचपलं, आणि मान हलवली. कापड ढिलं बसवलं होतं बहुतेक. तिने हात बाहेर काढला, बोटं पुसली, आणि ते खराब काम ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्याने कुठेही ओळखली असती. त्याने मान फिरवली.

अध्यक्ष म्हणजे थोरले काका. वय ब्याऐंशी, कान गेलेले, आणि मुदत संपूनही दुसरा मिळेपर्यंत अध्यक्ष. त्यांनी मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर केला, तो वाचण्याआधीच. मग विषय क्रमांक चार. पोटकलमाने उभं राहून कलम वाचलं, मग त्याची दुरुस्ती वाचली, आणि म्हणाला, “तज्ज्ञांनी फक्त खुणेबाबत बोलावं. बाकीच्या गोष्टी सभेच्या कक्षेत येत नाहीत.”

तो उठला. पस्तीस तोंडं त्याच्याकडे वळली. त्यांतली चार त्याने स्वतः केली होती. मागच्या रांगेत सहसभासदांत बायको बसली होती आणि त्याच्याकडे न पाहता चष्मा पुसत होती. भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर होतं. ते बोललं की तीस वर्षांचा आतल्या आतला हशा एका मिनिटात सगळ्यांचा होणार होता, आणि मग त्याच्यापाशी काय राहणार होतं? ना तो हशा, ना ती तीन मिनिटं.

“फट आहे का?” पोटकलमाने विचारलं.

“नाही.”

“मापून पाहिलं?”

“फट नाही,” तो म्हणाला. “दोन्ही दात घट्ट लागलेले आहेत.”

हे खरं होतं. यात अक्षरसुद्धा खोटं नव्हतं, आणि त्याच्या जन्मात तो याहून घाणेरडं काही बोलला नव्हता. हे त्याला बोलता बोलताच कळलं, तरी तो खाली बसला. पोटकलमाने अर्ज नामंजूर झाल्याचं नोंदवलं आणि रिवाजाप्रमाणे चार शब्द बोलला. स्वतःच्या जन्मदात्याचा विषय असताना माणूस भावनेच्या आहारी जातो, पण आमच्या तज्ज्ञांनी कलम सोडलं नाही, याला घराणं म्हणतात. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. कार्यकारिणीत एक जागा रिकामी होती, तिच्यासाठी त्याचं नाव सुचवलं गेलं, अनुमोदन मिळालं, आणि थोरले काका कुठे विरोध आहे का ते पाहायला हॉलभर हसत राहिले. तिसऱ्या रांगेतली खुर्ची तोवर रिकामी झाली होती. विरोध कुणाचा नव्हता. त्याचाही नव्हता.

चहाच्या वेळी तो वऱ्हांड्यात आला तर ती सूचनाफलकापाशी उभी होती. टाळायला जागा नव्हती. ती एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, “तुम्ही खरं तेच सांगितलंत. माझं काही म्हणणं नाही. सभासद व्हायची मला हौस नव्हती हो.” तिचा आवाज बारीक आणि थकलेला होता. “मंडळाला तीन पत्रं लिहिली मी. त्यांनी कळवलं, सभासद नसलेल्यांना घराण्याची माहिती देता येत नाही. म्हणून अर्ज भरला. मला एवढंच हवं होतं, ते कधी गेले. शेवटी त्यांना फार त्रास झाला का. आणि जवळ कुणी होतं का.”

जवळ तोच होता. नऊ वर्षांपूर्वी, सकाळी पावणेसातला, खिडकी उघडी होती आणि त्रास झाला नव्हता. तारीख, वार, ते शेवटचं काय म्हणाले, सगळं त्याला पाठ होतं, आणि ते सांगायला तीन मिनिटंसुद्धा लागली नसती. दाराशी बायको येऊन उभी राहिली होती. त्याने तोंड उघडलं. कुठलं कलम आठवतंय ते त्याला आधी कळलंच नाही, ऐकल्यावर कळलं.

“नामंजूर अर्ज एक वर्षाने पुन्हा करता येतो,” तो म्हणाला.

 तिने पर्सचा बंद खांद्यावर नीट केला आणि फॉर्म कुठे मिळतात ते विचारलं. ते मात्र त्याने तिला नीट समजावून सांगितलं, डावीकडचं दुसरं दार, चिटणिसांचं टेबल, फोटो दोन लागतात.